सात नंबरचा थीटा

वनमाला परबला राग आला की ती भांडायची नाही, ब्लेड शोधायची. ट्रेसिंग पेपरवरची चुकलेली शाई खरवडायला दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा लागतो. तो दोन बोटांत धरून ती मान खाली घालून खर् खर् करत बसली, की ड्रॉइंग ऑफिसातली माणसं ओळखायची, आज बाईंच्या वाटेला जायचं नाही. आणि चौऱ्याऐंशी साली तर हे ब्लेड तिच्या बोटांतून सुटतच नव्हतं.

मुलुंडला आग्रा रोडवर पंख्यांची कंपनी होती. खाली प्रेस शॉप आणि त्याच्या डोक्यावर लाकडी तक्तपोशीचं ड्रॉइंग ऑफिस. खालचे प्रेस पत्र्यावर आदळायला लागले की वरच्या टेबलावरच्या पट्ट्या थरथरायच्या, चहाच्या कपात वर्तुळं उठायची. नवीन माणसाचं पहिल्या दिवशी डोकं उठायचं. वनमालाला अकरा वर्षं झाली होती. धक्का कुठल्या प्रेसचा, ते तिला पायाच्या तळव्यांना कळायचं. त्यातल्या त्यात सात नंबरचा लगेच कळायचा, कारण सात नंबरवर तिचा नवरा गुणाजी पंख्याच्या मोटरवरच्या पत्र्याच्या वाट्या, म्हणजे बाऊल, काढत उभा असायचा.

तिचं काम ट्रेसरचं. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग बोर्डावर लावायचं, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणायचा आणि खाली दिसेल ती रेघ शाईने गिरवायची. मग तो कागद अमोनियाच्या मशीनमध्ये घालायचा. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या त्या वासातून जांभळ्या रेघांची प्रिंट बाहेर यायची आणि खाली शॉपमध्ये जायची. प्रिंटमध्ये असेल तेच फिटर करणार. कोणी विचारत नसे, की बाबा हे इथे का?

"खाली जे आहे ते वर आलं पाहिजे," चीफ ड्राफ्ट्समन काशीराम पेडणेकर म्हणायचे. "ट्रेसरने डोकं चालवायचं नसतं." माणूस वाईट नव्हता. साहेबांना मात्र फार भ्यायचा.

फेब्रुवारीत अख्ख्या प्रेस शॉपचा लेआउट नव्याने काढायला घेतला. कुठलं मशीन कुठे, माणूस कुठे उभा राहतो, गाडा कुठून जातो, सगळं वरून पाहिल्यासारखं. वनमालाने चार दिवस खपून तो ट्रेस केला. पाचव्या दिवशी पेडणेकरांनी हाक मारली.

"परबबाई, हे काय?"

पत्र्याचे गठ्ठे उचलायच्या साखळीजवळ एक छोटं लांबट वर्तुळ होतं, मध्ये आडवी रेघ. थीटा. कोन दाखवायला ड्रॉइंगमध्ये काढतात तो. पण तिथे कोन नव्हता. तिरकी रेघच नव्हती, तर कोन कुठून येणार?

वनमालाने कागद उचलून खालचं पेन्सिलचं ड्रॉइंग पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. पण वरचा थीटा तिच्याच हातचा होता. तिचीच शाई, तिचंच अक्षरं-खुणा काढायचं स्टेन्सिल, आडव्या रेघेच्या शेवटी पेन उचलताना तिच्याकडून पडायचा तो बारीक ठिपकासुद्धा. ती म्हणाली, "मी नाही काढला."

"मग काय मी काढला? खरवडा."

तिने खरवडला. वर नखाने घासून कागद गुळगुळीत केला. तिसऱ्या दिवशी दुपारी साखळी तुटली. खाली धोंडिराम होता, विक्रोळीहून सायकलवर यायचा तो, दोन महिन्यांनी मुलीचं लग्न काढलेला. धोंडिरामने त्या साखळीची तक्रार तीनदा केली होती, तीही लेखी. नोटीस बोर्डावर मात्र कागद लागला, की कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला.

वनमाला त्या कागदापुढे उभी राहिली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाच्या माथी मारता? लाजा नाही वाटत? थीटाची आठवण तिला तेव्हा झालीसुद्धा नाही. ती झाली रात्री भाकरी थापताना, आणि हात तसाच परातीत राहिला.

एप्रिलमध्ये रंग सुकवायच्या भट्टीपाशी दुसरा थीटा आला. या वेळी तिने तो खरवडला नाही, कोणाला सांगितलंही नाही. खरवडला म्हणून धोंडिराम गेला, असंच काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं. आठ दिवसांनी भट्टीत गॅस साठून भडका उडाला आणि बाळा नावाचा रंगारी सायन हॉस्पिटलात दोन दिवस तळमळून गेला. भट्टीचा पंखा महिनाभर बंद होता, हे शॉपमधल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. नोटीस बोर्डावर तोच मजकूर लागला. फक्त नाव बदललं होतं.

तिने गुणाजीला सांगितलं. घाटकोपरला भटवाडीतल्या त्यांच्या खोलीत तो आमटी ओरपत बसला होता. तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"अगो, तू दिवसभर त्या अमोनियात. डोक्यात गेला असात तुझ्या," तो म्हणाला. "माका काय्येक होऊचा नाय. जेव तू."

"मी वेडी आहे का हो?"

"तसा खंय म्हणतंय मी?"

पण म्हणत तो तेच होता, आणि तिला रडू येण्याऐवजी राग आला.

रविवारी सकाळी गॅलरीत शेजारचे गायकवाड सर पेपर वाचत होते. चंद्रप्रकाश गायकवाड रात्रशाळेत गणित शिकवायचे आणि विचारलेल्या प्रश्नाला कधीच थोडक्यात उत्तर द्यायचे नाहीत. वनमालाने सहज विचारल्यासारखं केलं. "सर, तो थीटा असतो ना, कोनाचा. तो आला कुठून?"

सर खूश झाले. पेपरची घडी घालून त्यांनी बोटाने कठड्याच्या धुळीत एक गोल काढला आणि गोलात फुली मारली.

"मूळचा हा असा. फिनिशियन लोकांचा. त्याचा अर्थ चाक असावा म्हणतात, नक्की कोणालाच माहीत नाही. ग्रीकांनी तो उचलला, आपल्या थ च्या जवळचा उच्चार. फुलीचा पुढे ठिपका झाला, ठिपक्याची आडवी रेघ झाली. आकडा म्हणून वापरला तर नऊ. गणितात कोन. आणि गंमत सांगू का वहिनी?"

"सांगा ना."

"ग्रीक भाषेत मरणाला जो शब्द आहे, त्याचं पहिलं अक्षर हेच. म्हणून रोमन पलटणींत शिपायांच्या याद्या असायच्या ना, त्यांत मेलेल्याच्या नावापुढे थीटा काढायचे. हजेरी घेणाऱ्या कारकुनाने यादी बाहेर आणली, की घरच्यांनी आधी तेवढंच बघायचं."

"मेल्यावर काढायचे? की आधी?"

सरांनी चष्म्यातून पाहिलं. "मेल्यावरच. आधी कसं काढणार? कारकुनाला काय ठाऊक?"

वनमालाने पदराने कठड्यावरची धूळ पुसली, गोलासकट. सरांना काही कळलं नाही, त्यांनी पेपर उघडला. तिच्या छातीत संताप उसळला होता. कारकुनाला काय ठाऊक म्हणे! साखळी तुटणार हे अख्ख्या शॉपला ठाऊक होतं. भट्टी भडकणार हे ठाऊक होतं. ज्याच्या सहीने साखळी बदलली असती, त्यालाही ठाऊक होतं. मग ही खूण करायला देवाला की सैतानाला, कोणाला सापडला तो माझाच हात?

मे महिन्याच्या अखेरीस पेडणेकरांनी तिच्या टेबलावर सात नंबर प्रेसचं ड्रॉइंग ठेवलं. प्रेसच्या तोंडापुढे लोखंडी जाळी असायची. दर ठोक्याला ती खाली यायची, मगच प्रेस चालायचा. नव्या ड्रॉइंगमध्ये जाळी खोडरबराने पुसून टाकलेली होती. जुन्या रेघांचे वळ अजून कागदावर दिसत होते.

"जाळी कुठे गेली?" वनमालाने विचारलं.

"करंदीकर साहेबांची ऑर्डर आहे. खाली काढलीसुद्धा ती. जाळीमुळे वेळ जातो."

"त्या प्रेसच्या साच्याला, डायला, चीर गेलीय. ह्यांनी सांगितलंय सुपरवायझरला. तुकडा उडाला तर जाळीशिवाय अडवणार काय?"

"परबबाई," पेडणेकर हळू आवाजात म्हणाले, "माझी तीन वर्षं राहिलीत हो."

तिने ट्रेस करायला घेतलं. पण डोळ्यांत तेल घालून. प्रत्येक रेघ ओढताना ती तोंडाने पुटपुटत होती, ही प्रेसची कड, हा बोल्ट, ही उभं राहायची जागा. संपल्यावर तिने कागद खिडकीच्या काचेवर धरून इंच न् इंच तपासला. थीटा नव्हता. पेनाला टोपण लावलं. कागद स्वतःच्या हाताने अमोनियाच्या मशीनपर्यंत नेला, वाटेत कोणाशी बोलली नाही.

प्रिंट बाहेर आली. उभं राहायच्या जागी, जिथे गुणाजीचे दोन पाय असायचे, तिथे थीटा होता.

तिने ट्रेसिंग पाहिलं. तिथेही होता. शाई सुकलेली होती आणि शेवटी तो बारीक ठिपका होता.

ती तशीच करंदीकरांच्या केबिनमध्ये गेली. वर्क्स मॅनेजर करंदीकर कडक इस्त्रीचा माणूस, केबिनमध्ये पंखा दोनवर, टेबलावर काचेखाली गणपती. तिने थीटाबद्दल चकार शब्द काढला नाही. डायची चीर सांगितली, धोंडिराम सांगितला, बाळा सांगितला.

"तुम्ही ट्रेसर ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ट्रेस करा. जाळी असली की शिफ्टला दोनशे बाऊल कमी निघतात. तुमच्या मिस्टरांना आरामात काम करायचं असेल तर त्यांनी दुसरी कंपनी बघावी. आणि डाय मी स्वतः बघितलीय. काही झालेलं नाही तिला."

"बघितलीय? तुम्ही खाली कधी उतरलात साहेब?"

"बाई, दार तिकडे आहे."

जिन्यापाशी येईपर्यंत तिचे कान तापले होते. स्वतःच्या टेबलावर बसून तिने ब्लेड उचललं, मग खाली ठेवलं. अकरा वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं. पेनाचं टोपण काढलं आणि पुसलेल्या रेघांच्या वळांवरून जाळी पुन्हा काढली. चौकट, सळ्या, बिजागऱ्या, सगळी. कोपऱ्यातल्या रकान्यात पुढचा सुधारणा क्रमांक घातला, तारीख घातली आणि ट्रेसरच्या जागी आपली सही केली. प्रिंट काढून खाली पाठवली.

फिटर खंडूने प्रिंट पाहिली, मोडीत टाकलेली जाळी शोधून आणली आणि चार बोल्ट आवळले. कोणीही विचारलं नाही. पाच वाजता पायऱ्यांवरून वाकून तिने पाहिलं, तर गुणाजी जाळीमागे उभा होता आणि बाऊल काढत होता. तिला वाटलं, जिंकलं!

परत वर येऊन तिने ट्रेसिंग उचललं. थीटा जागच्या जागी होता.

मग मात्र तिने ब्लेड चालवलं. कागद पातळ होऊन आरपार दिसायला लागेपर्यंत खरवडलं. शाई गेली. खात्री करायला तिने एक प्रिंट काढली. प्रिंटमध्ये थीटा होता, आधीपेक्षा ठसठशीत.

म्हणजे जाळीने काही फरक पडणार नव्हता. तिथे कोणाचा तरी जीव जाणार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुणाजी मोरीत अंघोळ करत असताना तिने त्याच्या शर्टाच्या खिशातला कंपनीचा गेटपास काढला आणि पेटत्या स्टोव्हवर धरला. पासाशिवाय दरवान आत सोडत नसे, मग तो सख्खा भाऊ का असेना. पत्र्याच्या चिमट्यातला फोटो आधी काळा पडला, मग वळला. गुणाजी टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा राख उरली होती.

"ह्या काय केलंस तू?" त्याचा विश्वास बसेना. "अगो, खाडो पडतलो माझो! डोक्यावर परिणाम झालो की काय तुझ्या?"

"झाला. आज घरी बसायचं."

"वनमाला!"

"बसा म्हणते ना! ओरडा मला, मारा हवं तर. पण उंबऱ्याबाहेर पाय टाकलात तर मी गॅलरीतून उडी टाकीन."

तिला असं बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो खाटेवर बसला. ती डबा न घेताच बाहेर पडली.

दहाच्या सुमारास करंदीकर ड्रॉइंग ऑफिसात आले. हातात प्रिंट होती, चुरगळलेली.

"हे कोणी केलं?"

पेडणेकर उठून उभे राहिले आणि टेबलाला धरून राहिले.

"मी," वनमाला म्हणाली.

"कोणाच्या ऑर्डरने?"

"माझ्या."

सगळ्या ऑफिसची पेनं थांबली. करंदीकर हसले, पण ओठ पांढरे पडले होते. "तुमचा हिशेब मी संध्याकाळी करतो. आधी ती जाळी काढतो. आणि तुमचा नवरा पळून गेलाय ना आज? ठीक आहे. मी स्वतः उभा राहतो सात नंबरवर. शंभर बाऊल काढून दाखवतो, बिनजाळीचे. मग बघू तुमची चीर."

त्यांनी प्रिंट हातात उलगडून धरली होती. वनमालाला थीटा दिसत होता, त्यांच्या अंगठ्याच्या वर, नखाएवढा. त्यांना दिसत होता की नाही कोण जाणे. साधं होतं, एक वाक्य बोलायचं होतं. उभे राहू नका तिथे. ते हसले असते, पण कदाचित एक पाऊल बाजूला उभे राहिले असते.

तिला धोंडिरामच्या नावाचा कागद आठवला. बाळाच्या नावाचा आठवला.

"साहेब," ती म्हणाली.

ते दारात वळले. "काय?"

"जिना आत्ताच पुसलाय. सांभाळून उतरा."

ते गेले.

ती खुर्चीवर बसली. चपला काढल्या आणि तळवे तक्तपोशीवर टेकवले.

सात नंबर बंद झाला. पान्यांचा आवाज आला. जाळी जमिनीवर पडल्याचा खणखणाट झाला.

सात नंबर सुरू झाला.

ठोका. ठोका. ठोका.

ती मोजत नव्हती. पेडणेकर काहीतरी विचारत होते, तिला ऐकू येत नव्हतं.

ठोका.

मग एक आखूड आवाज झाला, ताट फुटल्यासारखा.

खाली एकेक करून सगळे प्रेस थांबले. तिच्या अकरा वर्षांत ती तक्तपोशी पहिल्यांदाच स्थिर होती.

डायचा तुकडा करंदीकरांच्या गळ्यात शिरला होता. पोलीस आले, फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. त्याने सात नंबरचं मूळ ट्रेसिंग मागितलं. वनमालाने ते आणून टेबलावर पसरलं. थीटा नव्हता. तिने खरवडून पातळ केलेली जागाही नव्हती, कागद सगळीकडून सारखा होता. जाळी मात्र होती, तिच्या सहीसकट. इन्स्पेक्टरने मान डोलावली आणि म्हणाला, ड्रॉइंगप्रमाणे जाळी असती तर माणूस वाचला असता. नोटीस बोर्डावर या वेळी निष्काळजीपणाचा कागद लागला नाही. फुलांचा हार घातलेला फोटो लागला.

तिसऱ्या दिवशी जेवताना गुणाजीने विचारलं, "तुका म्हायत होता?"

"नाही," तिने सांगितलं आणि त्याला भात वाढला.

ऑगस्टमध्ये नवीन वर्क्स मॅनेजर आले. तरुण होते, गोड बोलायचे, पहिल्याच दिवशी सगळ्यांना पेढे वाटले. दुरुस्त झालेल्या सात नंबरवर गुणाजी पुन्हा उभा राहत होता, जाळीमागे. महिनाभराने पेडणेकर एक ड्रॉइंग घेऊन आले आणि वनमालाच्या टेबलावर ठेवून तिथेच उभे राहिले, तिच्याकडे न बघता. सात नंबरचं होतं. जाळी खोडरबराने पुसलेली होती.

"नवीन डाय आहे म्हणतात साहेब," पेडणेकर पुटपुटले. "आता काही धोका नाही."

त्यांना वाटलं, बाई ब्लेड उचलेल. बाई शांत होती. तिने ते ड्रॉइंग बाजूला सारलं, खणातून वरच्या मजल्याचा लेआउट काढला, केबिनींचा, आणि तो बोर्डावर ताणून बसवला. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. पेन हलवून पाहिलं, शाई उतरत होती. मग स्टेन्सिल हातात घेऊन तिने विचारलं,

"पेडणेकर साहेब, नव्या साहेबांची खुर्ची खिडकीकडे असते की दाराकडे?"

"खिडकीकडे. का हो?"

"काही नाही," वनमाला म्हणाली. "नक्की जागा माहीत असलेली बरी."